अडणारी पाच घरं

आमच्या घरातला दसरा मला आठवतो तो 'टक' या आवाजाने. दारावर झेंडूचं तोरण, त्यात मधूनमधून खोवलेल्या भाताच्या ओल्या लोंब्या, चुलीवर वालाचं बिरडं, मम्मी आणि काकूच्या हातांवर थापल्या जाणाऱ्या तांदळाच्या भाकऱ्या, हे सगळं असायचंच. पण माझ्या लेखी दसरा सुरू व्हायचा तो आज्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट करकरलं की, आणि संपायचा तो पाचवा 'टक' झाला की. आजा खाकी फडक्यात गुंडाळलेला रिव्हॉल्व्हर बाहेर आणायचा, चक्री उघडून रिकामी असल्याची खात्री करायचा आणि पाटावरच्या लाल कापडावर ठेवायचा. शेजारी कोयता, विळा, पप्पांचा कारखान्यातला पाना आणि काकांच्या डंपरची चावी. सगळ्यांना सारखंच हळदकुंकू, सारख्याच अक्षता, वरून खोबरेल तेलाचं बोट. मग घरातले पुरुष एकामागून एक तो रिव्हॉल्व्हर उचलायचे, नळी अंगणापलीकडच्या मातीच्या ढिगाकडे धरायचे आणि रिकामाच चाप ओढायचे. प्रत्येकाला एक. याला आमच्याकडे 'मानाचा टक' म्हणत. पहिला आज्याचा, दुसरा थोरल्या काकांचा, तिसरा उरणहून येणाऱ्या आत्याच्या यजमानांचा, त्यांना आम्ही मामा म्हणतो, चौथा पप्पांचा. काकांच्या मयूरला मिसरूड फुटलं आणि पाचवा त्याला मिळाला. बायका भिंतीशी उभ्या राहायच्या. मी सहा वर्षांची असल्यापासून आरतीचं ताट धरायचे. ताट धरणारीने शस्त्राला हात लावायचा नसतो, एवढं मला कोणी न सांगता कळलेलं होतं.

तो रिव्हॉल्व्हर आज्याकडे आला मिठागरामुळे. आजा तरुणपणी खाडीकाठच्या मिठागरावर मुकादम होता. तिथले म्हातारे शेठ काम सोडून मुंबईला गेले, तेव्हा रीतसर कागद करून त्यांनी तो आज्याला दिला. तेव्हाच तो जुना होता. बावीस बोअरचा, छोट्या बारीक काडतुसांचा. चक्रीत आठ घरं. प्रत्येक घरात एक काडतूस बसतं, गोळी सुटली की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते, आणि चक्री बाजूला काढून पुढची दांडी दाबली की आठही पुंगळ्या बाहेर पडतात. पडायला हव्यात. या प्रकरणात जे काही घडलं, ते त्या पडत नव्हत्या म्हणून घडलं.

मी बोलायला फार कमी. आजही कमीच आहे, पण तेव्हाच्या माझ्या गप्प बसण्याला घरात एक कारण चिकटवलेलं होतं: इंग्लिश मिडियम. नवीन पनवेलच्या शाळेत घातलेली घरातली पहिली मुलगी मी. घरात सगळे आगरी बोलायचे, मी पुस्तकातलं मराठी बोलायचे, आणि दोन्हींच्या मध्ये अडकले की गप्प व्हायचे. "आमची मॅडम बोलत नाय, ती विचार करते," असं मयूर म्हणायचा आणि सगळे हसायचे. घरात माझा एकच उपयोग ठरलेला होता. इंग्रजी कागद आला की तो माझ्यापुढे यायचा. विजेचा अर्ज, बँकेचा फॉर्म, आज्याच्या लायसन्सचं नूतनीकरण, सगळं माझ्या अक्षरात. मी खालच्या मानेने लिहायचे आणि वाचायचे. खालच्या मानेने वाचणाऱ्या माणसाला घराबद्दल बरंच काही कळतं, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

कॉलेजात एनसीसीत मी पहिल्यांदा रायफल चालवली आणि मला समजलं की जगात अशीही एक जागा आहे जिथे गप्प राहणं हा गुण आहे. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, बोट हळू मागे घ्यायचं. पुढे मी डोंगराच्या पायथ्याच्या रायफल क्लबात जाऊ लागले. आज्याला ते कळलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "तिकडं गाडी जाते का गो?" मग महिन्यातून एका रविवारी मी स्कूटरवर मागे आज्याला बसवून न्यायचे. डब्यात घावणे आणि सुकटीची चटणी. आजा रिव्हॉल्व्हरच्या आठ गोळ्या मारायचा, आणि क्लबच्या सरांच्या देखत पुढच्या आठ मला मारू द्यायचा. त्याचा हात कापायला लागला होता. माझा कापत नव्हता. 

पुंगळ्या अडत होत्या त्या फार आधीपासून, पण वर्षाला दोन-चार गोळ्या मारणाऱ्या माणसाला ते जाणवत नाही. आम्ही दर महिन्याला जाऊ लागलो आणि ते ठळक झालं. आजा तळव्याने दांडीवर थापट मारायचा. काही पुंगळ्या निघायच्या, काही चिकटून राहायच्या, मग त्या बांबूच्या काडीने एकेक ढकलाव्या लागायच्या. एका रविवारी दांडीच वाकते की काय असं झालं. ही गोष्ट आज्याने जेवताना सांगितली आणि काकांनी भाकरी मोडता मोडता निकाल देऊन टाकला.

"पोरीचा हात लागला ना, तवापास्नं रुसलाय तो. इतकी वर्सं कोनाला तरास दिला नाय."

कोणी हसलं नाही. म्हणजे हे गमतीत म्हटलेलं नव्हतं. मम्मीने माझ्या ताटात आणखी बिरडं वाढलं, मी काही बोलू नये म्हणून. त्याच जेवणात ठरलं की आज्याने आता रिव्हॉल्व्हर हयातीतच वारसाच्या नावावर करावा, वारस म्हणजे मयूर, आणि दसऱ्याचा मुहूर्त साधून कागदावर सही करावी. "फार्म इंग्लिशमदी हाय," काका म्हणाले, "भरून ठेव गो, तुलाच येतंय." मी मान हलवली. त्या रात्री मी फॉर्म भरला. आज्याचं नाव, पत्ता, शस्त्राचा नंबर, बोअर. वारसाच्या नावाची जागा आली आणि मी पेनाला टोपण लावलं. मी बावीस वर्षांची होते. क्लबचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र माझ्याकडे होतं, मयूरकडे नव्हतं. मयूरने आयुष्यात खरी गोळी एकदाही मारलेली नव्हती. पण मला जास्त कशाने टोचलं असेल तर त्या 'रुसलाय' शब्दाने. लोखंड रुसत नाही. लोखंडाला काहीतरी झालेलं असतं आणि ते शोधता येतं.

दसऱ्याला सव्वा महिना होता. पहिला संशय मी घाणीवर घेतला. आज्याला समोर बसवून, गोळ्या कपाटात बंद ठेवून, मी चक्री काढली आणि पितळी तारांचा ब्रश तेलात बुडवून एकेका घरात फिरवला. बाहेर जे आलं ते पाहून आजा ओशाळून हसला. फडक्यावर काळ्या काजळीबरोबर लाल-पिवळा चिकट राप. इतक्या दसऱ्यांचं हळदकुंकू आणि खोबरेल, आत जाऊन, वाळून, लाखेसारखं बसलेलं. "देवाचाच हाय तो," आजा म्हणाला. मी म्हटलं, "देवाचं पाटावर राहू दे, आत नको." दोन दिवस भिजवून, घासून, पुसून मी आठही घरं आरशासारखी केली आणि मनात जिंकल्यासारखी रेंजवर गेले. पुंगळ्या अडल्या. आधीपेक्षा कमी, पण अडल्याच.

मग वाटलं काडतुसं जाड असतील. आजा तसं म्हणायचाच, "हल्ली जाड येतात, भरतानाच ढकलावी लागतात." दुसऱ्या बनावटीची आणून पाहिली. फरक नाही. इंटरनेटवर परदेशातले म्हातारे लोक अशा जुन्या रिव्हॉल्व्हरबद्दल पानंच्या पानं लिहितात. ती मी वाचली. इंग्लिश मिडियमचा हा उपयोग काकांच्या ध्यानात आला नव्हता. त्यांच्यातल्या एकाने लिहिलं होतं, आधी बघा की सगळी घरं अडतात की ठरावीक. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. चक्रीवर एका घराशेजारी जुन्या शेठने कोरलेली बारीक रेघ होती. त्या घराला मी एक नंबर दिला, पुढे आठपर्यंत, आणि पुढच्या रविवारी वहीत मांडत गेले. एक सुटलं. दोन अडलं, तीन, चार, पाच, सहा अडली. सात आणि आठ सुटली. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. अडलेल्या प्रत्येक पुंगळीच्या अंगावर कडेजवळ एक बारीक ओरखडा होता, प्रत्येकीवर एकसारखा. मी करंगळीचं नख दोन नंबरच्या घराच्या तोंडाशी फिरवलं. नख अडलं. कडेचं पोलाद एका जागी चेपून आत फुगलं होतं, तांदळाच्या कणीएवढं. सहा नंबरलाही तसंच, पण जेमतेम लागेल न लागेल असं. एक, सात आणि आठ नंबरला काहीच नाही.

पाच घरं. मी वहीतल्या त्या आकड्याकडे बघत बसले आणि माझ्या डोक्यात तो आवाज झाला. टक, टक, टक, टक, टक. रेघेवर कुंकवाचा टिळा लावून ते घर वर आणायचं आणि चक्री बंद करायची, हा आज्याचा दरवर्षीचा नेम. चाप ओढला की चक्री आधी एक घर पुढे सरकते, मग मागचा घोडा त्यावर आपटतो. म्हणजे टिळ्याच्या घराला ठोका बसतच नाही. पहिला बसतो पुढच्याला. तो आज्याचा.

पनवेलच्या जुन्या बाजारात लायसन्सवाले बंदूक कारागीर होते, उस्मानचाचा. मी आज्याला घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून चक्री उजेडात धरली, एक सुई प्रत्येक घराच्या तोंडावरून फिरवली आणि आज्याकडे पाहिलं.

"बाबा, तुमच्या घरात खाली घोडा कोण मारतं?"

"दसऱ्याला मारतो, रिकामाच. मानाचा."

"या अल्लाह. अहो, याच्यात घोड्याची सुई काडतुसाच्या मधोमध नाही मारत, कडेवर मारते. आत काडतूस असलं तर पितळ मार खातं. नसलं तर पोलाद मार खातं. किती सालं चाललंय हे?"

आजा बोटांवर मोजू लागला आणि मध्येच थांबला. चाचा माझ्याकडे वळले. "बेटी, घरं नंबर टाकून तू शोधलंस?" मी मान हलवली. "मग तोंडाने बोल ना. डोकं काय हलवतेस नंदीसारखं? हुनर का काम किया है तूने." दुरुस्ती होण्यासारखी होती. आत फुगलेलं पोलाद हत्याराने दाबून पुन्हा जागेवर बसवता येतं. पण चाचा म्हणाले, दसऱ्यानंतर आणा. आधी केलं तर पुन्हा पाच ठोके खाऊन याल.

 परतताना घराच्या वळणावर आज्याने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरात काय बोलू नको, बाय. दसरा होऊ दे." मी स्कूटर थांबवली नाही आणि होही म्हटलं नाही. मला वाटलं होतं की आजा आत शिरताच काकांना सांगेल, पोरीच्या हाताने काही झालेलं नाही. त्याने पाय धुतले, चहा मागितला आणि मिठागराची गोष्ट काढली. माझ्यावर कोणी ओरडलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. त्या संध्याकाळी मला उमगलं की मला आवडणारा माणूससुद्धा माझ्या वाट्याचं बोलणार नाही. त्याला मोडायचा नव्हता तो मान, आणि तो मान राहणार होता माझ्या नावावर डाग ठेवून.

दसऱ्याला पाट मांडला गेला. उरणचे मामा आले, मयूर नवा शर्ट घालून उभा राहिला. फॉर्म आणि पेन काकांनी आधीच देव्हाऱ्याशी ठेवायला लावलं होतं. मी ताट घेऊन पुढे झाले तर काका म्हणाले, "ताट तुज्या काकूला दे. यंदा तुजा हात नको." ते रागाने म्हणाले नाहीत, पंखा बंद कर म्हणावं तसं म्हणाले. काकू पुढे आली. मी ताट तिला दिलं नाही. मी ते पाटासमोर जमिनीवर ठेवलं आणि माझ्या तोंडून निघालं, "वेट."

मयूरला हसू फुटलं. "वेट काय गो? दसरा हाय, क्लासरूम नाय."

आज्याने रिव्हॉल्व्हर उचललेला होता. मी त्याच्यासमोर गेले. त्या घरात मी आगरीत कधी बोलले नव्हते, पण त्या वेळी तीच आली. "थांबा. कोनी मारू नका. माज्या हातानं काय झालेला नाय." माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी आज्याला म्हटलं, चक्री उघड. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे खाली घातले नाहीत. त्याने चक्री उघडली.

माझ्या ओढणीच्या गाठीत सात नंबरच्या घरातून निघालेली एक रिकामी पुंगळी होती. ती मी रेघेच्या घरात सोडली. खळकन आत गेली. चक्री उलटी केली, माझ्या तळव्यावर पडली. सातमध्ये, आठमध्ये तसंच. मग दोनमध्ये सोडली. तोंडाशीच अडली. "हा आज्याचा टक," मी म्हटलं. तीन. "हा काकांचा." चार. "हा मामांचा." पाच. "हा पप्पांचा." सहामध्ये ती अर्धी गेली आणि मग थांबली. "हा मयूरचा."

"म्हंजे माजा कमीच हाय," मयूर म्हणाला. त्याला स्वतःलाच हसू आलं आणि काकांचं तोंड बघून ते त्याने गिळलं.

मी उस्मानचाचांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पितळ मार खातं, नाहीतर पोलाद मार खातं. पप्पा तळोज्याला यंत्रांवर काम करतात. ते पुढे आले, त्यांनी आपल्या घरावरून नख फिरवलं, मग मयूरच्या, मग आज्याच्या. "खरा हाय," ते म्हणाले. एवढंच. पण पप्पा माझ्याइतकेच कमी बोलतात, त्यामुळे ते पुष्कळ होतं.

काका लाल झाले होते. "म्हंजे सनासुदीला तू आज्याला गुन्हेगार ठरवतेस?"

"गुन्हेगार कोनी नाय," मी म्हटलं. "पन मी पन नाय."

आत भाकरी करपल्याचा वास आला आणि कोणीही उठलं नाही. मग मामांनी, भांडण मिटवायला नेहमी पुढे असणाऱ्या मामांनी, तोडगा काढला. "ऐका, सातवा घर मोकला हाय ना? पोरीला पन मारू द्या एक टक. तिचा पन मान झाला. मिटला." काकांनी नाराजीने का होईना मान हलवली. आज्याने रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे धरला.

सहा वर्षांची असल्यापासून मी त्या टकची वाट बघत होते. ताट धरून उभी असताना माझं बोट ताटाखाली आपोआप वाकायचं. हे मी कोणाला कधी सांगितलेलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहिते आहे.

"मना टक नको," मी म्हटलं. "सातवा घर पन मी खराब करनार नाय. मना नाव पायजे."

देव्हाऱ्यापासचा फॉर्म मी स्वतः उचलून आणला आणि आज्यापुढे पाटावर ठेवला. वारसाच्या नावाची जागा कोरी होती. काकांनी ती तेव्हा पाहिली. इतके दिवस कागद घरात होता आणि त्यांनी तो उघडूनही बघितला नव्हता, कारण तो भरण्याचं काम माझं होतं.  आजा रिव्हॉल्व्हर लाल कापडावर ठेवत म्हणाला, "लिव."

मी गुडघ्यांवर बसून माझं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं, रसिका, पुढे पप्पांचं नाव, पुढे आडनाव. "वाच," आजा म्हणाला. मी मोठ्याने वाचलं. त्याने सही केली, कापत्या हाताने, चौकटीच्या बाहेर गेलेली. त्या दसऱ्याला आमच्या घरात एकही टक झाला नाही. काका न जेवता डंपर घेऊन निघून गेले, आणि लायसन्ससाठी लागणारी त्यांची ना-हरकत मिळायला पुढचा श्रावण उजाडला. लायसन्सच्या चौकशीत चौकीतल्या साहेबांनी मला विचारलं, घरात पुरुष नाहीत का. मी म्हटलं, पाच आहेत, आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसले.

आता आजा नाही. चाचांनी चार घरं इतकी छान बसवली की खूण शोधूनही सापडत नाही. दोन नंबरचं मात्र इतकं खोल चेपलेलं होतं की थोडं उरलंच. पुन्हा एकदा दाबून बघतो, असं चाचा दोनदा म्हणाले. मी राहू द्या म्हटलं.

दसऱ्याला कपाट आता मी उघडते. हळदकुंकू लाकडी मुठीलाच लागतं. पहिल्या वर्षी काका कुरकुरले, आवाज नाही तर दसरा कसला. म्हणून रेंजवर मारलेल्या आठ रिकाम्या पुंगळ्या मी चक्रीत भरून ठेवते. आरती झाली की सगळ्यांसमोर चक्री उघडते आणि नळी छताकडे करून ताटावर धरते. सात पुंगळ्या आपल्या वजनाने खळखळत पितळेवर पडतात. काका मान पुढे करून थांबतात. आठवी आज्याच्या दोन नंबरमध्ये अडून राहते, तिला मी अंगठा लावते.